चावी हातात घेण्याआधी: इमारतीतले घोळ आणि अंगचोरी कशी ओळखावी

बाथरूमचं दार उघडायला गेलं की ते कमोडला अडतं. मग अंग तिरकं करायचं, पोट आत घ्यायचं आणि कसंबसं शिरायचं. असं दार मी आजवर चार इमारतींत पाहिलंय, आणि चारही ठिकाणी विचारलं तर प्रत्येकाने आपलं काम चोख केलेलं होतं. सुताराने नकाशाप्रमाणे चौकट बसवली. प्लंबरने नकाशाप्रमाणे पाइप काढला. कमोड मात्र नंतर तिसऱ्याच माणसाने निवडला आणि तो नकाशातल्यापेक्षा दहा सेंटिमीटर लांब निघाला.

साइटवर पहिल्यांदा सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं, चुका म्हणजे कुणाचा तरी मूर्खपणा. बरीच वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर कळलं की बहुतेक घोळ एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या सांध्यात होतात. सेंटरिंगवाला (काँक्रीटचा साचा उभारणारा) आणि फरशीवाला, गवंडी आणि प्लंबर, नकाशा काढणारा आणि सळई बांधणारा. अंगचोरीसुद्धा तिथेच लपते, कारण पुढचा माणूस येऊन मागच्याचं काम झाकून टाकणार हे मागच्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून घर बघायला जाताना भिंतींचा रंग बघू नका, सांधे बघा. ते कसे बघायचे, हे पहिल्यांदाच घर घेणाऱ्या किंवा बांधणाऱ्या माणसासाठी क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: सोबत काय न्यायचं

टॉर्च, पाच मीटरची टेप, एक जाडसर नाणं, काचेची गोटी, खडू, वही. जमल्यास तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. विजेच्या दुकानात मिळतो. बादली बहुधा तिथेच सापडते. दिवसा जा, आणि निवडीला वाव असेल तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. कोरड्या दिवशी सगळ्याच इमारती चांगल्या असतात.

घाईत जाऊ नका. दोन तास तरी हवेत. दाखवायला आलेला माणूस घड्याळ बघायला लागला तर त्याला चहा प्यायला पाठवा.

दुसरी पायरी: आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी

खाली उभं राहून वर बघा. खिडकीवरच्या छज्जाच्या पोटाला, पुढच्या कडेलगत एक बारीक खाच असायला हवी. पावसाचं पाणी कडेवरून वळून आत भिंतीकडे पळतं. त्या खाचेपाशी ते तुटतं आणि थेंब होऊन खाली पडतं. ही खाच काढायला गवंड्याला एक पट्टी आणि थोडा धीर लागतो, म्हणून तीच पहिली वगळली जाते. जिथे ती नाही तिथे खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांत काळपट ओघळ दिसतील.

मग जमीन बघा. फरसबंदीचा उतार इमारतीपासून बाहेर जायला हवा. भिंतीत जोत्याजवळ ओल अडवणारा थर असतो. बाहेरची जमीन त्याच्या निदान 15 सेंटिमीटर खाली असावी. इमारत झाल्यावर बागवाला येतो, छान माती टाकतो, तो थर मातीखाली जातो आणि वर्षभरात आतल्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढते. पुन्हा तोच सांधा. गवंडी आणि माळी एकमेकांना कधी भेटलेलेच नसतात.

मागे मातीचा भार पेलणारी भिंत असेल तर तिच्यात पाणी बाहेर पडायला पाइपाची तोंडं असतात. त्यात एखादी काडी घालून बघा. चार बोटांवर अडली तर पाइप नुसता शोभेला खोचलेला असू शकतो, आणि मागे साचलेलं पाणी भिंतीला पुढे ढकलत असतं.

तिसरी पायरी: घरात राहून बघा

म्हणजे खरंच. रात्री बाहेरून आलात असं समजून दार उघडा आणि न बघता दिव्याच्या बटणाकडे हात न्या. बटण दाराच्या पाठीमागे सापडलं तर चूक सोपी आहे: वायरमनने बोर्ड बसवल्यानंतर कुणीतरी दार उघडायची बाजू बदलली. प्रत्येक दार पुरतं उघडा. दोन दारं एकमेकांवर आपटतात का? खिडकीची झडप नळाला अडते का? कपाट जिथे ठेवायचं तिथेच विजेचा बोर्ड आहे का? पलंगाच्या मापाचा चौकोन खडूने जमिनीवर काढा आणि त्याच्या भोवती चालून बघा. मांडलेल्या नमुना घरात फसू नका. तिथलं सामान कधीकधी मुद्दाम छोट्या मापाचं केलेलं असतं.

मोठ्या नावाजलेल्या इमारतीही यातून सुटत नाहीत. लंडनमधल्या 20 फेनचर्च स्ट्रीट या टॉवरचा दर्शनी भाग आत वळलेला आहे, काचेचा. 2013 च्या उन्हाळ्यात त्या अंतर्गोल काचेने ऊन एकवटून खालच्या रस्त्यावर टाकलं आणि तिथे उभ्या गाडीचे भाग वितळले. पुढे त्यावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. गंमत अशी की त्याच वास्तुविशारदाच्या, राफाएल विन्योली यांच्या, लास व्हेगसमधल्या हॉटेलात पोहायच्या तलावाजवळ असाच प्रकार आधी होऊन गेला होता. तेव्हा तुमच्या बैठकीच्या खोलीत भर दुपारी समोरच्या काचेचं ऊन येतं का, हे विचारणं अगदीच वेडेपणाचं नाही.

चौथी पायरी: जिना

इथे थांबा, कारण जिन्यात सांध्याची चूक अगदी मापून दाखवता येते.

पायरीचं गणित जुनं आहे. फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लोंदेल या वास्तुविशारदाने 1675 च्या सुमारास मांडलं की दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका ढांगेएवढी यावी. आजही 60 ते 64 सेंटिमीटरच्या आसपास ही बेरीज बसवतात. पायरी 15 उंच आणि 30 रुंद असेल तर 60. हे मोजायला टेप पुरते.

पण पाय अडखळतो तो उंचीमुळे नव्हे, उंची बदलल्यामुळे. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय माप लक्षात ठेवतो आणि डोळे दुसरीकडे जातात. मग एकच पायरी वेगळी निघाली की माणूस पडतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीतला फरक जेमतेम साडेनऊ मिलिमीटरपर्यंत चालतो. करंगळीची रुंदीसुद्धा याहून जास्त भरते.

आता नव्या इमारतीत जाऊन पहिली आणि शेवटची पायरी मोजा. समजा काँक्रीट ओतताना सगळ्या पायऱ्या 15 सेंटिमीटरच्या, अगदी सारख्या होत्या. मग फरशीवाला आला. खाली जमिनीवर त्याने भर आणि फरशी मिळून 5 सेंटिमीटरचा थर दिला, पायऱ्यांवर मात्र 2 सेंटिमीटरचाच दगड बसवला. पहिली पायरी झाली 12. वरच्या मजल्याच्या जमिनीवरही 5 चा थर, म्हणून शेवटची झाली 18. मधल्या सगळ्या 15. सेंटरिंगवाल्याने फरशीच्या जाडीचा हिशोब धरला असता तर हे झालं नसतं, पण त्याला ती जाडी सांगणारं कुणी नव्हतं. लोक अशा जिन्यात वर्षानुवर्षं ठेचकाळतात आणि आपल्याच चपलांना दोष देतात.

डोक्यावरची जागाही बघा: जिन्यावर कुठेही उभं राहिलं तरी वर निदान दोन मीटर मोकळे हवेत. उंच मित्राला सोबत नेलंत तर टेप लागत नाही.

पाचवी पायरी: पाणी ओता

सगळ्या तपासण्यांत मला ही सगळ्यात आवडते, कारण पाणी कुणाचं ऐकत नाही.

बादलीभर पाणी बाथरूमच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात हळू ओता आणि बाजूला होऊन बघत राहा. जमिनीला दर मीटरला साधारण एक ते दोन सेंटिमीटर उतार हवा, आणि तो पाणी जायच्या जाळीकडे. एका घराची तपासणी करताना आम्ही असंच पाणी ओतलं. ते आधी जाळीकडे निघालं, अर्ध्यात थबकलं, मग सावकाश वळून दाराकडे आलं आणि उंबऱ्याच्या दगडाखाली गायब झालं. बाहेरच्या खोलीत लाकडी पट्ट्यांची जमीन होती. घरमालक म्हणाले, "अहो, पण पाणी गेलं ना?" गेलं, पण कुठे, ते त्यांना पट्ट्या फुगल्यावर कळलं असतं. कारण विचाराल तर जाळीचं तोंड प्लंबरने आधी उंच पातळीवर पक्कं केलं होतं, आणि फरशीवाल्याने ते फोडून खाली घेण्याऐवजी आपला उतार फिरवला.

तिथेच गोटीही जमिनीवर ठेवून बघा. फरश्यांच्या सांध्यांत ती नाचते, त्यामुळे एकदा सोडून निकाल लावू नका. चार-पाच जागी सोडा.

जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकात, साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं. तेच पाणी गटाराचा वास अडवतं. टॉर्च मारून बघा, पाणी चकाकलं पाहिजे. बंद घरात ते सुकून जातं, म्हणून वास आला की लगेच बोट दाखवू नका. आधी पाणी ओता, अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. तरीही वास आला, किंवा फ्लश केल्यावर शेजारचा ट्रॅप गुडगुडला, तर पाइपांना हवा मिळण्याची सोय चुकलेली आहे.

बाल्कनी आणि गच्ची: बाल्कनीची जमीन आतल्या जमिनीपेक्षा खाली असलीच पाहिजे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असं सांगतील. तुम्ही विचारा, पाणी भरून किती वेळ ठेवलं होतं? पाणी जायची तोंडं बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी 24 ते 48 तास उभं ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का बघतात. ही चाचणी फरशी बसण्याआधी करायची असते. "फरशीनंतर करू" असं उत्तर आलं तर ती झालेली नाही असं समजा.

सहावी पायरी: नाणं वाजवा, भेगा वाचा

नाण्याने प्रत्येक फरशीवर आणि भिंतीच्या टाइलवर टकटक करा. भरीव टाइल कोरडं, टणक वाजते. पोकळ टाइल डबडबते, म्हणजे रिकाम्या डब्यासारखी वाजते. एकदा फरक ऐकला की विसरत नाही. कारण ठरलेलं असतं: टाइलच्या पाठीवर सिमेंटचे चार-पाच गोळे ठेवून ती दाबून बसवायची, पूर्ण थर द्यायचा नाही. माल वाचतो, वेळ वाचतो. मग जड वस्तू पडली की नेमका पोकळ कोपरा फुटतो. टाइलखाली एखादी छोटी पोकळ जागा चालून जाते, अर्धी टाइल डबडबली तर खडूने गोल करा.

भेगांना सगळेच घाबरतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या भेगांना. गिलाव्यावर जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा म्हणजे गिलावा लवकर सुकला, त्यावर पाणी मारलं नाही. दिसायला वाईट, पण इमारतीला धोका नाही. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ उभी रेघ म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या वस्तूंच्या सांध्यावर तारेची जाळी न लावता गिलावा केला. हीसुद्धा दुरुस्त होते. लक्ष द्यायचं ते तिरक्या भेगांकडे: दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर किंवा खाली जाणारी, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी उतरणारी, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत जाणारी. पाया खचत असल्याची ती खूण असू शकते. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने रेघ आणि तारीख घाला. महिनाभराने भेग रेघेच्या पुढे गेलेली असेल तर ती जिवंत आहे, आणि मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, रंगाऱ्याला नाही.

बीमच्या किंवा कॉलमच्या पृष्ठभागावर एखादा ठिगळासारखा, वेगळ्या रंगाचा भाग दिसला तर तोही वाजवून बघा. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर (माल हलवून दाबून बसवणारं यंत्र) नीट फिरवला नाही की आत खडी उघडी पडून मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात. साचा काढल्यावर ते दिसतं, आणि संध्याकाळच्या आत गवंडी पातळ मालाने त्याचं तोंड बंद करतो. अगदी गुळगुळीत, एकदम सुबक. साइटवर मला सगळ्यात जास्त शंका अशाच सुबक जागेची यायची.

सातवी पायरी: वीज

इथे फार वेळ घालवू नका. टेस्टर प्रत्येक सॉकेटमध्ये घाला. अर्थिंगचं भोक आहे पण आत तार नाही, असे सॉकेट हमखास सापडतात. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा, विजेची गळती ओळखून आपोआप बंद होणारा स्विच असायला हवा. त्यावरचं चाचणीचं बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. तार नेण्यासाठी भिंतीत आडव्या झिऱ्या किती खोल पाडल्यात तेही विचारा. ब्रिटनच्या मार्गदर्शक नियमांत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांश आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नको असं आहे. आणि बीममधून प्लंबरने पाइपासाठी भोक पाडलेलं दिसलं, तर फोटो काढा आणि पुढचं सगळं बोलणं लेखी करा.

आठवी पायरी: घर अजून उभं राहतंय तर

स्लॅब पडायच्या दिवशी तिथे असाल तर एकच गोष्ट बघा: पाणी. 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीमागे साधारण 22 ते 25 लिटर पाणी पुरतं, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. मालाला पाणी जास्त घातलं की तो पसरायला सोपा जातो, बिगाऱ्यांची कंबर वाचते. पण सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने 1918 मध्ये हे नातं नियमात बांधलं: पाण्याचं प्रमाण वाढलं की ताकद उतरते. गोणीमागे दहा लिटरची एक बादली जादा गेली तर ताकद एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त घसरते. पाइप हातात धरून उभ्या असलेल्या माणसावर नजर ठेवा. माल घट्ट वाटतो म्हणून तक्रार आली तर त्यावर औषध आहे, रसायन मिळतं. पाइप हे औषध नाही.

माल पडण्याआधी सळया बघा. सळई आणि साचा यांच्यामध्ये कव्हर ब्लॉक, म्हणजे अंतर राखणारे छोटे ठोकळे, हवेत: स्लॅबला साधारण 20 मिलिमीटर, कॉलमला 40. त्याऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले असतील तर पावलांखाली ते निसटतात आणि सळई साच्याला टेकते. पुढे तिला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो, आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं पडतं. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोकं 135 अंशात आत वळलेली हवीत. नुसती 90 अंशात वळवलेली टोकं भूकंपात बाहेरचं काँक्रीट उडालं की उघडतात. 135 ला वळवायला हाताला जास्त जोर लागतो, बस इतकंच कारण असतं.

आणि स्लॅब पडल्यावर पाणी मारणं. निदान सात दिवस, सतत ओलं. सकाळी एकदा पाइप फिरवून गेलं म्हणजे पाणी मारलं असं होत नाही. दुपारी स्लॅबवर हात ठेवून बघा.

नववी पायरी: "काय बदललं?" हा प्रश्न

प्रत्येक इमारतीत नकाशा झाल्यावर काहीतरी बदलतं. बदल वाईट नसतो, पण तो कुणी तपासला हे विचारायलाच हवं.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दालनावरून जाणारे पूल छतापासून लोखंडी गजांवर टांगलेले होते. मूळ नकाशात एकच सलग गज वरच्या आणि खालच्या पुलातून जात होता. प्रत्येक नटवर फक्त त्याच्याच पुलाचा भार. इतक्या लांब गजावर आटे पाडणं त्रासाचं, म्हणून गज तोडून दोन केले: वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. कागदावर फरक दिसेना. पण आता वरच्या पुलाच्या नटवर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. 17 जुलै 1981 ला पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. दोरीला लटकलेल्या माणसाच्या पायाला दुसरा माणूस लटकला तर पहिल्याच्या हातांचं काय होईल, तेच झालं.

सोलमधल्या सांपूंग या दुकानांच्या इमारतीत तर बदलांवर बदल झाले. वापर बदलला, वर पाचवा मजला चढवला, सरकत्या जिन्यांसाठी कॉलम कमी केले, गच्चीवरची वातानुकूलनाची जड यंत्रं क्रेनने न उचलता स्लॅबवरून सरकवली. 29 जून 1995 ला इमारत कोसळली, 502 मृत्यू. त्या दिवशी सकाळपासून वरच्या मजल्यावर भेगा वाढताना दिसत होत्या.

तेव्हा साधे प्रश्न विचारा, अंगावर न जाता. मंजूर नकाशात ही भिंत इथेच होती का? हा मजला पहिल्यापासून ठरलेला होता का? गच्चीवरची टाकी नंतर चढवली का, आणि तेव्हा हिशोब कुणी केला? खाली दुकानासाठी एखादी भिंत काढलीय का? उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ लक्षात ठेवा.

दहावी पायरी: यादी

प्रत्येक दोषाला खोलीचं नाव, जागा आणि फोटो. फोटोत टेप किंवा नाणं ठेवा, म्हणजे भेगेची रुंदी कळते. "काम खराब आहे" असं लिहू नका. "पूर्वेकडच्या बाथरूममध्ये दाराजवळच्या सहा टाइल पोकळ" असं लिहा. पहिल्या वाक्यावर वाद होतो, दुसऱ्यावर माणूस पाठवावा लागतो. जिवंत भेग, ठिगळ लावलेला कॉलम, भोक पाडलेला बीम, या तीन गोष्टी यादीच्या वर, आणि त्यांच्यासाठी स्वतःचा इंजिनिअर.

दुरुस्ती झाल्याचा निरोप आला की तीच वही, तेच नाणं आणि तीच बादली घेऊन पुन्हा जा. मी एकदा असा गेलो तर टाइलवरच्या माझ्या खडूच्या खुणा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेल्या होत्या. नाणं वाजवलं. सहाही टाइल डबडबल्या.